अनंत वकिलाच्या सोप्यावरचं गाऱ्हाणं

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर आमच्या गावी, पार्श्याला या आणि माझ्या पुतण्याला, कृष्णनाथला विचारा. सांगेलच असं नाही. मला सांगितलं तेही एकदाच, आणि आधी दार लावून घेतलं.

गेल्या वर्षीचा एप्रिल. शनिवार. भर दुपार.

हो, दुपारच. रात्र नव्हे.

कृष्णनाथने त्या साली टेकडीवरची काजूची बाग करायला घेतली होती. बागेच्या मधोमध एक सोपो आहे. सोपो म्हणजे दारापुढचा दगडी बाक. मागचं घर केव्हाच पडलं, चिरे लोकांनी नेले. सोप्याला मात्र कुणी हात लावला नाही.

तो अनंत वकिलाचा.

पोर्तुगीज राज्यात हा माणूस सावंतवाडीकडून नदी ओलांडून आला. त्यांची भाषा शिकला, वकील झाला, गरीब कुळांचे खटले लढला. पुढे पणजीच्या कौन्सिलात निवडून गेला. उजाडल्यापासून पक्षकार त्याच्या सोप्यावर वाट बघत बसलेले असायचे.

एवढं करूनही गावाने त्याला एक गोष्ट दिली नाही.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला हाक मारून घराघरासाठी मागणं मागतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा." म्हणजे, हो देवा, आमची संमती आहे. त्या गाऱ्हाण्यात वकिलाच्या घराचं नाव कधी आलं नाही. का, तर तो भायलो. बाहेरचा. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. तो पणजीतच तापाने वारला आणि घराला दिवा लावणारं कुणी उरलं नाही.

त्या शनिवारी सुविधा बापाबरोबर बागेत आली होती. नऊ वर्षांची, एकुलती एक. अक्षरं मीच गिरवून घेतली तिच्याकडून. भारी बडबडी पोर. निघताना तिची आई शेवंती नवऱ्याला म्हणालीही, बोंडू वेचायला नेताय की खायला?

सुविधा सोप्यावर बसली. कृष्णनाथ खाली बसून बोंडवांच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, बिया पिळून काढत होता.

एकाएकी झाडांवरची किरकिर थांबली...

सुविधाची बडबडही थांबली.

आणि आवाज आला. म्हातारा, खणखणीत.

"बा देवा म्हाराजा... ह्या घरात तिनसांजेक दिवो लावूक कोण नाय, म्हाराजा..."

पलीकडच्या बागेत कुणी हंगामाचं गाऱ्हाणं घालत असेल, असं कृष्णनाथला वाटलं. हात रसाने चिकट, डोकं भलतीकडे, आणि तोंडाला लहानपणापासूनची सवय.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

"सोप्यार बसलेला चेडू आजपासून ह्याच घरातला समज, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

म्हणून झालं... आणि मग अर्थ कळला.

सोप्यावर बसलेली मुलगी.

त्याने मान वर केली. सुविधा बाकाच्या कडेला सरकून बसली होती. मोठ्या माणसाला जागा करून द्यावी तशी.

"बाबा, तू कोणाक व्हय म्हणतंस?"

टोपली तिथेच टाकून तो पोरीला उचलून घरी पळाला.

तुळशीपुढचा दिवा रोज सुविधा लावायची. त्या संध्याकाळी तिने काडेपेटी खाली ठेवली. म्हणाली, इथला आई लावील, मला जायचंय. आणि अनवाणीच टेकडीच्या वाटेला लागली. दोघांनी ओढून आणली.

मग रोज तिन्हीसांजेला तेच...

देवळातल्या जाणत्यांनी सांगितलं, गाऱ्हाणं फिरवायचं तर गाऱ्हाण्यानेच. पोरीला माझ्याकडे ठेवून दोघं लख्ख उन्हात सोप्यापाशी गेली. कृष्णनाथने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... चुकान व्हय म्हटलंय, म्हाराजा. आमचा चेडू आमका परत दी, म्हाराजा..."

आता "व्हय" शेवंतीने म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं.

त्याआधीच उत्तर आलं. रिकाम्या बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत... अनेक गळ्यांतून.

"नाय म्हाराजा..."

मी आयुष्यभर गाऱ्हाणी ऐकत आलो. गाऱ्हाण्यात "नाय" कुणी म्हणत नाही. ते तिथे नसतंच.

दुसऱ्याच दिवशी सुविधाला डिचोलीला मावशीकडे धाडलं. मावशी देवकी विधवा, घरात एकटीच. पोर तिथे रमली, शाळेत जाऊ लागली, संध्याकाळची कुठे निघेनाशी झाली. सुटलो, असं आम्ही म्हणू लागलो. तरी कृष्णनाथ दिवेलागणीला रोज फोन करायचा.

काल फोन सुविधाने उचलला. देवकी बाजारात गेली होती.

"सुविधा, मी बाबा."

पलीकडून अगदी अदबीने, परक्याशी बोलावं तसं:

"कोण, कृष्णनाथबाब? बाबा भायर गेलेत. इले की सांगतंय."

 त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. जड चपला... सावकाश आत येणाऱ्या.

आणि सुविधा हसत दाराकडे धावली.

आज मी आणि कृष्णनाथ डिचोलीला निघालोय. शेवंतीने पोरीचे कपडे भरायला रिकामी पिशवी दिली आहे. पोरीला घेऊन यायचं, एवढंच ठरलंय. समोर उभं राहून कृष्णनाथने हाक मारली, तर ती त्याला काय म्हणेल... ते एकमेकांना विचारायचं धाडस अजून आम्हां दोघांनाही झालेलं नाही.