शेवटचं प्रकरण हरीभाऊंच्या वाट्याचं

सिद्धेश, तो फोन उलटा ठेव. सृष्टी, तू अशी जवळ ये, म्हणजे मला मोठ्यानं बोलावं लागणार नाही. किशोरीबाईंचं घर इथून चार घरं सोडून आहे, आणि हे त्यांच्या बाबतीत घडलेलं आहे. त्यांनी मला सगळं सांगितलं ते त्याच रात्री. नंतरचं मी डोळ्यांनी पाहिलं.

किशोरी हायस्कूलला मराठी शिकवते. एकटी राहते. त्या दिवशी संध्याकाळी ती खाडीकडच्या वाडीत जानकीकडे एक पुस्तक आणायला गेली होती. दिवस सांगतो. दोन हजार बावीस साल, मे महिन्याची पंधरा तारीख, रविवार. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा, त्यामुळे चांदणं असं की रस्त्यावरचे खडे मोजावेत. आणि वारा म्हणशील तर पान हलत नव्हतं.

जानकी म्हणजे हरीभाऊंची धाकटी बहीण, त्यांच्याच घरात राहणारी. हरीभाऊ, म्हणजे हरिश्चंद्र परब, मालवण एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. माईकवरून गाड्या पुकारून पुकारून त्यांना सवयच लागली होती, प्रत्येक शब्द सुटा, खणखणीत, आणि पूर्णविरामाला थांबणार म्हणजे थांबणारच. रिटायर झाल्यावर वाचनाचा नाद. मसुऱ्याचा मिहीर आपल्या औषधांच्या दुकानातून पुस्तकं उसनी द्यायचा, तिथेच या तिघांची ओळख झाली. हरीभाऊ, किशोरी, मिहीर. वयं वेगळी, पण दर शनिवारी हरीभाऊंच्या पडवीत बसायचे आणि एकच पुस्तक तिघं पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायचे. प्रत्येकानं एक प्रकरण. कोणीही घरी जाऊन पुढचं वाचायचं नाही, एवढा एकच नियम.

लॉकडाऊन लागला तेव्हा बैठक फोनवर आली. तिघं एकाच कॉलवर, प्रत्येकाच्या हातात आपापली प्रत. मिहीरनं तीन प्रती मागवल्या होत्या. इंग्रजीतून मराठीत आलेली रहस्यकथा. कुठल्याशा बेटावर मोठं वादळ येतंय, तिकडे त्याला हरिकेन म्हणतात, आणि बेटावरून सुटायला एकच होडी उरलेली. रात्रीत ती होडी कोणीतरी सोडून देतं. मागे राहिलेली माणसं मरतात. होडी कोणी सोडली, हे रहस्य. हरीभाऊंचा संशय पहिल्यापासून सगळ्यांना धीर देत फिरणाऱ्या माणसावर. मिहीर हसायचा. तो म्हणायचा, इतकं सोपं नसतं भाऊ.

शेवटचं प्रकरण पाळीनं हरीभाऊंच्या वाट्याला आलं. ते वाचायचं ठरलं होतं एकवीसच्या मे महिन्यात, पंधरा तारखेला, शनिवारी. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे वादळ आलं. तौक्ते. तुम्ही तेव्हा मुंबईत होतात, तुम्हाला काय कळणार. आमच्या आचऱ्यातली माडाची झाडं काडीसारखी मोडली.

हरीभाऊंचा पाय त्या आधीच्या वर्षी मोडला होता. काठी घेऊन जेमतेम चालायचे. जानकी तेव्हा लेकीकडे कणकवलीला अडकलेली. मिहीरनं दुपारी फोन करून सांगितलं, मी गाडी घेऊन येतो, रात्री माझ्याकडे राहा, शेवटचं प्रकरण आमच्या ओटीवरच वाचा. किशोरीला हे ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे आली होती, म्हणाली, बाळाकाका, रिक्षा बघता का, भाऊंना इकडे आणूया. तेवढ्यात मिहीरचा फोन. मी निघालोय, तू बाहेर पडू नकोस. ती निश्चिंत झाली.

शेजारी हरीभाऊंना न्यायला आले होते. उचलून शाळेत नेतो म्हणाले. हरीभाऊंनी त्यांना हसत परत पाठवलं. मिहीर येताहा माका न्हेवक, म्हणाले.

सकाळी ते फाटकाजवळ सापडले. खळ्यात, म्हणजे अंगणात, खाडीचं पाणी गुडघ्याच्या वर. अंगात इस्त्रीचा सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक.

मिहीर आला तेव्हा रडून रडून त्याचा आवाज गेला होता. रस्त्यात झाड आडवं पडलं, तासभर थांबलो, मागे फिरावं लागलं, असं सांगायचा आणि पुन्हा रडायचा. जेवण सोडलं होतं त्यानं. किशोरी आठवड्यातून दोनदा मसुऱ्याला जायची, त्याला समजवायची. यात तुझा दोष नाही, तू निघालास तरी. वर्षभर हे चाललं.

तर त्या रविवारी ती जानकीकडे गेली ती हरीभाऊंची प्रत मागायला. तिची स्वतःची वादळात भिजून गेली होती. मिहीर आणि ती, दोघांनी ठरवलं होतं, वर्ष झालं, आता पुस्तक संपवूया, भाऊंसाठी. पूर्वीसारखंच फोनवर. जानकीनं पुस्तक दिलं. वर म्हणाली, "मिहीरान काय कमी केल्यान? तसल्या वादळात गाडी घेवन निघालो. देवान झाड आडवा घातल्यान, त्येका तो काय करतलो?"

रात्री दहाला किशोरीनं फोन लावला. स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. आठवण म्हणून शेवटून दुसरं प्रकरण मिहीरनं पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली, भाऊंच्या वाट्याचं मी वाचते. पण आधी थोडा वेळ आपण गप्प बसूया.

दोघं गप्प बसले.

फोनमधून वारा ऐकू यायला लागला.

आधी बारीक. मग मोठा. माडाच्या झावळ्या आपटतात ना, तसा. किशोरीनं खिडकीतून पाहिलं. चांदण्यात माड चित्रासारखे उभे.

"मिहीर, तुझ्याकडे वारो आसा?"

"नाय." तो म्हणाला, "माका वाटला, तुझ्याकडसून येता."

मग कोणीतरी खोकलं.

ती म्हणते, काका, मी ओळखलं. वाचायच्या आधी ते असंच खोकायचे. पण मन मानेना.

आणि वाचन सुरू झालं.

प्रत्येक शब्द सुटा. खणखणीत. पूर्णविरामाला थांबून.

तिनं पुस्तक उघडलं. बोट ओळीवर ठेवलं. शब्द न् शब्द तोच. पान संपलं. तिकडे पान उलटल्याचा आवाज. तिनंही पान उलटलं. फोन बंद करावासा वाटेना. वर्षानं तो आवाज ऐकत होती ती.

मिहीरकडून फक्त त्याचा श्वास...

पुस्तकात तो धीर देणारा माणूस धक्क्यावर आला. मागच्यांना म्हणाला, तुम्ही इथेच थांबा, मी परत येतो.

तिथे आवाज थांबला.

वारा वाढला. आता पाण्याचाही आवाज होता. चुबुक... चुबुक... पायरीला लागणारं पाणी.

"मिहीर..."

हे पुस्तकात नव्हतं. किशोरीचं बोट तसंच त्या ओळीवर.

"मिहीर, निघालस मां? ...मी तयार होवन बसलंय."

फोनमध्ये झावळी आपटली.

"शेजाऱ्यांका जावा म्हणान सांगितलंय. तू येतलस म्हणान..."

पाणी.

"खळ्यात पाणी इला रे... फोन उचलूक नाय कित्याक?"

आवाजात राग नव्हता, किशोरी म्हणते. राग असता तर बरं झालं असतं. साधा विचारल्यासारखा. स्टँडवर एखादी गाडी का आली नाही, ते विचारावं तसा.

मग वारा थांबला. एकदम. फोनमधून फक्त मिहीरचं हुंदके देणं ऐकू येत होतं, आणि ते हुंदके तिनं वर्षभर ऐकलेल्या हुंदक्यांसारखे नव्हते.

तिनं विचारलं, "तू निघालेलस ना?"

"मी घराच्या भायर पडलंयच नाय गो," मिहीर म्हणाला. "वारो जरा कमी होवदे, मगे जातंय, असा म्हणत ऱ्हवलंय. मगे तो वाढतच गेलो. भाऊंचो फोन येय होतो. माका ता आयकवना... मी फोन बंद केलंय."

"आणि झाड?"

"झाड पडलेला. ता माका दुसऱ्या दिवशी कळला."

तिनं फोन ठेवला. मग मला लावला. मी बॅटरी घेऊन गेलो, तर बाई दार उघडं टाकून ओट्यावर बसलेली. भ्यायलेली असेल असं वाटलं होतं. ती भ्यायलेली नव्हती. सगळं क्रमानं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं. शेवटी म्हणाली, "काका, तो गेला नाही, हे मी समजू शकते. माणूस घाबरतो. पण त्यानं मला निघालोय सांगितलं म्हणून मी घरात बसले. आणि नंतर वर्षभर मी त्याचेच डोळे पुसत होते."

उजाडेपर्यंत दोघं बसून राहिलो.

सकाळी मी तिला स्कूटरवर मसुऱ्याला नेलं. मिहीर दारातच उभा होता. किशोरी एवढंच म्हणाली, चल, जानकीला सांग. तो मुकाट्यानं आला.

जानकीनं नेहमीप्रमाणे आधी त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यानं कपाला हात लावला नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "त्येनी तुका कितीदा फोन केल्यान?"

"म्हायत नाय. बंद होतो."

"म्हणजे तो बंद फोनाकडे बोलत ऱ्हवलो," जानकी म्हणाली.

मग ती उठली. त्याच्यासमोरचा कप उचलला आणि आत घेऊन गेली. परत बाहेर आली नाही. मिहीर पायरीवर दुपारपर्यंत बसला होता. कोणी त्याला जा म्हटलं नाही, कोणी ये म्हटलं नाही.

किशोरी त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पुस्तकाची शेवटची दोन पानं आजही तिची वाचायची राहिलीत. होडी कोणी सोडली ते तिला कोणी सांगायला गेलं, तर ती हातानं थांबवते.

तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. फोनवर काय, काहीही ऐकू येतं. मीही तसंच म्हटलं असतं.

पण त्याच दुपारी मिहीरच्या आईनं, लक्ष्मीकाकूंनी, भात केला तो खारट झाला. त्यांना वाटलं, मीठ दोनदा पडलं. दुसरा टाकला, तोही तसाच. मग त्यांनी विहिरीतून ताजी कळशी काढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

मिहीरचं घर मसुऱ्याला डोंगराच्या चढावर आहे. खाडी तिथून कितीतरी खाली. त्या विहिरीचं पाणी पंचक्रोशीत गोड म्हणून लोक लग्नकार्याला न्यायचे. शेजारची विहीर, मध्ये फक्त एक दगडी गडगा, तिचं पाणी अजूनही तसंच गोड आहे. तपासणी झाली, उपसून झालं, पूजाही घालून झाली. मी स्वतः चाखलंय. खाडीचं पाणी.

आणि खाली आचऱ्याला भरती लागली, की मिहीरच्या विहिरीतलं ते पाणी एक पायरी वर चढतं.