चौकटीवरची थाप

एइनो सारेला आला तेव्हा आउने लेह्तोला सकाळची कॉफी ओतत होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा जुना खाणकामगार. त्याला रडताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. आज तो टोपी हातात चुरगाळत दारातच उभा राहिला.

"आउने, केर्तूला अकरा वाजता न्यायाधीशांपुढे नेणार. माझी नात माणूस मारून पळाली म्हणतात!"

"आधी बसा. आणि सगळं सांगा."

आउनेने बावीस वर्षं विमा कंपनीसाठी धडकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. आता ती खासगी तपास करायची. तिचा जोडीदार रे बोशे पोलिसातून निवृत्त झालेला. मन सोन्यासारखं, पण डोकं जरा सावकाश चालायचं. तो मांस-बटाट्याची गरम पेस्टी खात कोपऱ्यात बसला होता.

एइनोने सांगितलं ते थोडक्यात असं. शनिवारी त्याच्याकडे नेहमीप्रमाणे वाफेच्या न्हाणीघरात पाहुणे आले होते. दोघेच: लाकडाचा ट्रक चालवणारा लेनर्ड हापाला आणि चर्चचा कारभारी व्हर्नर नीमी. एइनो खुर्चीत पेंगला. केर्तू डोकं दुखतं म्हणून माडीवर झोपली. लेनर्ड सरपण फोडत होता. व्हर्नर एकटाच न्हाणीघरात होता.

पाचच्या सुमाराला, घरापासून अर्ध्या मैलावर, एइनोच्याच गाडीने ओस्कर पेल्टोला उडवलं. हा टपाल वाटणारा पायी घरी निघाला होता. रविवारी गाडी चर्चच्या मागे सापडली, किल्ली आतच होती.

"ओस्कर जागीच गेला?" आउनेने विचारलं.

"नाही ना! डॉक्टर म्हणतात, तासभर जिवंत होता बिचारा. थंडीत पडून."

"किल्ली कुठे असते?"

"दाराजवळच्या खिळ्यावर. आमच्याकडे कुलूप कोण लावतं? पण ती गाडी केर्तूच चालवते. सीटही तिच्या मापाला ओढलेली सापडली. हातमोज्यांच्या दिवसांत ठसे कुठले मिळणार!" म्हाताऱ्याने टोपी पुन्हा चुरगाळली. "गाडीची किती निगा राखायची पोर. गुरुवारीच सीटबेल्टच्या सरकत्या पट्ट्याला नवी मोटर बसवून घेतली. शनिवारी दुपारी मला दुकानात नेलं, तर लोण्यासारखा सरकत होता."

आउनेची कॉफी तशीच राहिली. "रे, उठ. पेस्टी गाडीत खा."

शेरीफ कार्ल ग्रोव्हने त्यांना एक तास दिला, तोही नाइलाजाने. गाडी रविवारी क्रेनने उचलून आणून कचेरीमागच्या गॅरेजात मोहोरबंद ठेवली होती. समोरची काच डाव्या बाजूला तडकली होती आणि काचेशेजारचा खांब आत दबला होता.

"बस आणि चालू कर," आउने रेला म्हणाली.

रेने दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली. खांद्याच्या पट्ट्याचं वरचं टोक दारावरच्या रुळातून घरंगळत मागे निघालं आणि अर्ध्यातच थबकलं. पट्टा थेट रेच्या हनुवटीखाली.

"अगं, गळा धरला या भुतानं! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला हा पट्टा?"

"आळशी माणसाला आपोआप बांधायची युक्ती आहे ती. कमरेचा पट्टा मात्र हातानेच लावायचा. हलू नकोस." आउनेने खिडकीतून हात घालून चौकट चाचपली, इकडेतिकडे ठोकून पाहिलं. खांबापासून वीतभर मागे तिने मूठ मारली, तेव्हा पट्टा सुटला आणि रेच्या खांद्यामागे जाऊन बसला.

"आता इंजिन चालू ठेवूनच दार उघड."

दार उघडताच पट्टा करकरत पुढे गेला. दार लावल्यावर पुन्हा मागे निघाला आणि त्याच जागी अडला.

"मोडकी गाडी. त्यात काय एवढं?" रे म्हणाला.

आउने शेरीफकडे वळून म्हणाली, "त्या दोघांना बोलवा. खोटंच सांगा, रस्त्याकडेला राहणाऱ्या बाईला इंजिनाचा आवाज ओळखायचाय, एकेकाने गाडी चालू करायची. पोरीलाही आणा. आणि बाकीच्यांना बाहेर थांबवा."

साडेनऊला लेनर्ड आला. धिप्पाड गडी, गुडघे चाकावर आपटत कसाबसा आत घुसला.

"या गाडीत आधी कधी बसलायस?" आउनेने विचारलं.

"या डबीत? माझा एक पाय मावत नाही!"

त्याने किल्ली फिरवली. पट्टा त्याच्या जबड्याला लागून अडला. तो ओढत राहिला, शिव्या घालत राहिला, शेवटी दार उघडून बाहेर पडला. "ट्रक बरा बाबा! गळफास लावत नाही."

मग शेरीफने केर्तूला आणलं. बावीस वर्षांची, ठेंगणी, नर्सिंग शिकणारी पोर. तीन रात्रींत डोळे आत गेले होते. तिने सवयीने मान डावीकडून जरा मागे घेतली आणि किल्ली फिरवली. पट्टा गळ्याशी थांबला, तशी ती दचकली.

"हा अडकला कसा? गुरुवारीच तर नीट केला!"

रेने तिच्याकडे दयेने पाहिलं. घड्याळात दहा वाजून गेले होते.

शेवटी व्हर्नर आला. लहान चणीचा, नीटनेटका, नेहमीप्रमाणे लवंग चघळत. दारूला शिवत नाही म्हणून गावाला आदर्श. ओस्करच्या विधवेला तीन दिवस हाच सूप नेऊन देत होता.

"काय ही वेळ आली पोरीवर," तो म्हणाला. "खरं सांगू? शिकारीचा मोसम, त्यात अंधार. कुणालाही वाटेल, हरीणच आडवं आलं."

"तू बसलायस कधी या गाडीत?"

"छे! माझा ट्रक एकोणसत्तर सालचा. असला सरकता पट्टा मी जन्मात पाहिला नाही."

तो सीटवर बसला, दार लावलं, किल्ली फिरवली. पट्टा निघाला. व्हर्नरची डावी मूठ वर गेली, चौकटीवर थाप पडली. पट्टा न थांबता खांद्यामागे जाऊन बसला. व्हर्नरने कॉलर नीट केली. "ऐका म्हणावं आवाज."

"ऐकला," आउने म्हणाली. "शेरीफ, सगळ्यांना आत घ्या. व्हर्नर, तू तसाच बस."

सगळे गाडीभोवती उभे राहिले. एइनोने नातीचा हात घट्ट धरला होता.

"शनिवारी दुपारपर्यंत हा पट्टा लोण्यासारखा सरकत होता," आउने म्हणाली. "ओस्करच्या धडकेने खांब दबला, रूळ चेपला, तेव्हापासून तो अडायला लागला. लेनर्डला ते ठाऊक नव्हतं. केर्तूलाही नव्हतं. एकट्या व्हर्नरला ठाऊक होतं, आणि थाप कुठे मारायची तेही. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"अडलेला दिसला म्हणून मारली!" व्हर्नर म्हणाला.

"अडायच्या आधी मारलीस. रे, तू बघत होतास."

रेने डोकं खाजवलं. मग त्याचे डोळे मोठे झाले. "आधीच मारली! पट्टा थांबलाच नाही!"

"जन्मात न पाहिलेल्या पट्ट्याची खोड याला पाठ आहे. सीट सरकवावी लागली नाही, कारण उंची पोरीएवढीच. आणि लवंग? दात दुखतो म्हणून कुणी वर्षभर चघळत नाही, व्हर्नर. दारूचा वास लपवायला चघळतं. गावाच्या ओळखीचा तुझा ट्रक सोडून या गाडीने बाटली आणायला निघाला होतास?"

व्हर्नर चाकावर वाकला. "चर्चमधून काढून टाकलं असतं मला," तो पुटपुटला. "पण देवाशपथ, मला वाटलं हरीण आहे! धक्का बसला आणि मी तसाच थेट चर्चमागे गेलो. वाटेत कुठे थांबलोच नाही."

एइनोचा चेहरा जरा सैल पडला. शेरीफनेही मान हलवली. अंधारात असं होतं.

"थांबलास," आउने म्हणाली. तिचा आवाज आता रागाने चढला होता. "चालू गाडीत हा पट्टा खांद्यामागेच असतो. दार उघडलं तरच पुढे जातो. तुझ्या गळ्याशी अडायला तो आधी पुढे गेलेला हवा. म्हणजे धडकेनंतर तू दार उघडलंस, उतरलास, पाहिलंस. मग परत येऊन बसलास, दार लावलंस, आणि चेपलेल्या रुळात पट्टा अडला. तेव्हा मारलीस ती पहिली थाप. हरणासाठी उतरलेल्या माणसाला, व्हर्नर, खाली हरीण दिसतं. तुला काय दिसलं?"

इंजिन चालूच होतं.

"ओस्कर," व्हर्नर म्हणाला. "त्याने मला हाक मारली. नावाने."

केर्तूने आजोबांचा हात सोडला. सुटकेचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. ती खिडकीपाशी गेली.

"मी माडीवर होते. रक्त कसं थांबवायचं ते मला येतं." तिला रडू फुटलं. "मला का नाही उठवलंत?"

शेरीफने दार उघडलं, तसा पट्टा करकरत व्हर्नरच्या अंगावरून निघून पुढे गेला.