खालीच राहिलेली कस्तुरी

सोळा मुलं चंद्रावर जाऊन आली आणि यान जागचं तसूभरही हललं नाही! आहे की नाही गंमत? पण खरं कोडं पुढंच आहे. यानात मुलं होती सतरा. सतरावी, दहा वर्षांची कस्तुरी, गेलीच नाही.

ही गोष्ट आहे 'चांदणनगरी' नावाच्या पाळण्या-खेळांच्या बागेतली, अजून पंचवीस-तीस वर्षांनी घडणारी. यान बांधलं होतं कस्तुरीच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी. दारावरच्या माणसानं हळूच नानांना विचारलं, "नातीला दिसत नाही ना? घाबरेल का हो ती?"

"मला विचारा की, मी इथंच उभी आहे," कस्तुरी म्हणाली. "आणि नाही घाबरणार!"

वर्षभर तिला एकच ध्यास होता. एकदा, एकदाच, जमीन सुटल्यासारखं वाटावं. यान सुरू झालं. "अगं बाई, पृथ्वी बघ केवढीशी झाली!" शेजारची पोरं किंचाळत होती. कस्तुरी खुर्ची घट्ट धरून वाट बघत राहिली. खुर्ची नुसती मागं कलली, दातांच्या दवाखान्यातल्यासारखी.

"नाना, तुमचं यान गेलंच नाही," बाहेर आल्यावर ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "सगळ्यांना नेलंत, मग मलाच का नाही?"

नानांना वाटलं, जन्मभर जगाच्या पोरांसाठी पाळणे बांधले आणि घरचंच लेकरू खाली राहिलं! ते तिच्याजवळ बसले.

"हे बघ, आपल्या अंतःकर्णात (कानाच्या अगदी आतल्या भागात) धुळीएवढे खडे असतात, मऊ गादीवर टेकलेले. गाडी सुसाट निघाली की ते मागं सरकतात. पण आपण नुसते मागं कललो, तरी गुरुत्वाकर्षणानं (पृथ्वीच्या ओढीनं) ते तसेच सरकतात. कानाला दोन्ही सारखंच. एकट्या कानाला निवाडा करता येत नाही, म्हणून मेंदू दुसरा साक्षीदार शोधतो."

"डोळा?"

"डोळाच. यानातल्या पडद्यावर तारे मागं धावताना दिसले की मेंदू म्हणतो, 'अरे, निघालो!' मी फक्त खुर्ची कलवतो."

"मग माझा दुसरा साक्षीदार कुठाय?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न नानांना कुणी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही पडला नव्हता.

"आईच्या स्कूटरवर मला बरोबर कळतं," कस्तुरी नाक पुसत म्हणाली. "पुलावर कठड्याचे खांब सुप् सुप् करत मागं जातात. वेग वाढला की सुप्-सुप् भराभर येतं. आणि वारा तोंडावर बसतो."

नानांनी कपाळावर हात मारला. "काखेत कळसा नि गावाला वळसा! साक्षीदार तुझ्याकडेच आहे की."

महिनाभर दोघं यानात ठाण मांडून बसली. पुढून मागं ओळीनं छोटे ध्वनिक्षेपक (स्पीकर) बसले, पायाशी पंखा आला. कुठला आवाज लवकर येतो, कुठला उशिरा, ते कस्तुरी सांगायची आणि नाना मुकाट्यानं दुरुस्त करायचे.

"पण नाना, अंतराळात हवा नसते. मग आवाज कसा येईल?"

"तारे तरी कुठं असे पळतात? पडद्यावरची लबाडी तुझ्या मैत्रिणींना चालली. ही आवाजाची तुला चालेल?"

"चालेल!"

मग तो दिवस आला. खुर्ची मागं कलली, अगदी पहिल्यासारखीच. सुप्... सुप्... सुप् सुप् सुप्! वारा गालांवर आदळला.

"नाना! सुटली! जमीन सुटली!"

उतरल्यावर तिनं नानांचा हात धरला. "पुन्हा बसायचंय?" त्यांनी विचारलं.

"आता खऱ्या यानात," ती म्हणाली. "माणसं खरंच चंद्राकडे निघतील ना, तेव्हा खिडकी दुसऱ्या कुणाला द्या. मला इंजिनाजवळ बसवा."