पाव सेकंद उशीर

उपग्रह दिसायला काही देखणा नव्हता. सोनेरी कागदात गुंडाळलेलं कपाट, दोन्ही बाजूंना मिटलेले पंख आणि डोक्यावर पालथी घातलेली परात. पण त्या सकाळी पांढऱ्या दालनातले सगळेच त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. दुपारी त्याला रॉकेटच्या टोकात बसवून झाकण लावायचं होतं, आणि आठवड्याने उड्डाण.

झाकण लावण्याआधी एक चाचणी राहिली होती, ती आवाजबाईंची. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं. उपग्रहाचं ऐकणं-बोलणं तपासण्याचं काम त्या तीस वर्षं करत होत्या. यंत्राच्या शिट्ट्या पाठवून सगळं तपासून झालं तरी शेवटी माणसाचा आवाज पाठवून बघायचा, असा तिथला रिवाज होता. तो आवाज बाईंचा आणि वाक्यही ठरलेलं, "हॅलो, ऐकू येतंय का?"

या खेपेला त्या वाक्यात त्यांचा जीव अडकला होता. त्यांची धाकटी बहीण अकरा वर्षांपूर्वी दूरच्या एका बेटावर शिक्षिका म्हणून गेली आणि तिथलीच झाली. दीड महिन्याने एकदा बोट जायची, तिच्याबरोबर पत्र. बेटावर फोन बसवून ठेवला होता, पण हा उपग्रह वर जाईपर्यंत तो नुसता शोभेचा. याच्या आधीचा उपग्रह चार वर्षांपूर्वी रॉकेटसकट समुद्रात गेला होता, तेव्हा बाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. हाही गेला तर तिसरा बनणार नव्हता. आणि आज चाचणीत खोट निघाली, तर उड्डाण वर्षभर लांबणार होतं.

"अगं, परीक्षा त्याची आहे, तुझी नाही," त्यांचे यजमान म्हणाले. ते त्याच तुकडीत केबल जोडायचे. दालनात टोपी, मास्क, झगा घातल्यावर सगळे सारखेच दिसतात, पण हे अखंड बडबडीवरून लगेच ओळखू यायचे.

बाईंनी बटण दाबलं आणि ठरलेलं वाक्य म्हटलं.

उपग्रह बारा पावलांवर उभा. आवाज केबलमधून त्याच्यात जाऊन स्पीकरवर यायला वेळ तो कसला लागणार? पण आवाज उशिरा आला. इतरांच्या लक्षातही आलं नसतं. बाईंचे कान मात्र तयार होते. त्यांनी पडद्यावर पाहिलं. पाव सेकंद.

वर कक्षेत जाऊन खाली यायला आवाजाला नेमका एवढाच वेळ लागतो.

"पोचायच्या आधीच रुबाब दाखवतोय," यजमान म्हणाले, आणि सगळे हसले. तुकडीचे साहेबही हसले, पण केबल बदलायला सांगितल्या. यजमानांनी एकूण एक केबल बदलली. तरी पाव सेकंद तो पाव सेकंदच.

दुसऱ्यांदा बाईंचा आवाज परत आला तो एकटा नव्हता. त्याच्यामागे कसली तरी संथ गाज होती, आणि मध्येच कोंबडी ओरडली. कोणाचा रेडिओ चालू आहे का, असं साहेबांनी विचारलं. तिथे रेडिओ कुठला, घड्याळसुद्धा बाहेर काढून ठेवावं लागतं. दारं बंद होती. हवा गाळून आत सोडणारे पंखे तेवढे घुमत होते.

बाईंनी तिसऱ्यांदा वाक्य म्हटलं. या वेळी ते परत आलंच नाही. स्पीकरमध्ये फोनची घंटी वाजली. चार वेळा. मग कोणीतरी तो उचलला.

"हॅलो, शाळा. कोण बोलतंय?"

बाईंनी बहिणीला ओळखलं. अकरा वर्षं ऐकला नसला म्हणून काय झालं, तो आवाज त्यांनी पाळण्यात असल्यापासून ऐकला होता. त्या बोलायचं सोडून स्पीकरकडे धावल्या. शेवटी साहेबांनीच माइककडे वाकून, उपग्रहाची चाचणी चालू आहे, फोन नीट चालतो का, असं कसंबसं विचारलं.

"न चालायला काय झालं? सहा वर्षं छान चाललाय. तो वर पोचला त्या दिवशी अख्खं गाव किनाऱ्यावर नाचलं होतं."

मग एकाने टाळी वाजवली आणि दालनात एकच कल्ला झाला. हे कसं काय, हे विचारायला कोणी थांबलंच नाही. पोचला, एवढं पुरे होतं. साहेबांनी उड्डाणाच्या कागदावर तिथल्या तिथे सही ठोकली. यजमान मास्कच्या आत रडत होते आणि वर, धूळ गेली म्हणत होते. ज्या दालनात धुळीचा कण सापडला तर चौकशी बसते, तिथे.

घरचं बोलणं आहे म्हणून साहेबांनी स्पीकर बंद केला आणि हेडफोन बाईंच्या हातात दिला. बाईंना इतका आनंद झाला होता की तो नीट कानावर चढवताही येईना.

"अगं, मी बोलतेय. ताई."

पलीकडे बहीण हसली. "ताई? कुठून बोलतेयस? आत्ता तर अंगणात होतीस."

"कोण होतं अंगणात?"

"थांब हं." फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. "ताई, जरा इकडे ये. कोण आहे बघ."

म्हणजे आपणही पोचलो तर तिथे, बाईंच्या मनात आलं. त्यांना हसू आलं.

चपला वाजल्या. हळूहळू जवळ आल्या.

"हॅलो," बाईंचाच आवाज म्हणाला. जरा घोगरा, थकलेला.

बाईंनी माइक घट्ट धरला.

"कोण बोलतंय, मला माहीत आहे," तो आवाज म्हणाला. "घाबरू नकोस. सगळं चांगलं झालं. बेट सुंदर आहे." मग तो हळू झाला. "हे आहेत का तिथे? तुझ्याजवळ?"

"आहेत की. इथेच उभे आहेत."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"त्यांना काहीतरी बोलायला सांग. काहीही."

बाईंनी मान वळवली. यजमान मास्क ओला करून हसत उभे होते. "काय गं," ते माइकजवळ येत म्हणाले, "काय म्हणतेय ती? जेवायला बोलावलंय का आपल्याला?"

पलीकडे कोणीतरी श्वास रोखून ऐकत होतं.

"आणखी," तो आवाज म्हणाला. "आणखी बोलायला सांग."