बदल शून्य

हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये अकरा वर्षं मी बॅकअप सांभाळतेय. पेशंटच्या नोंदींचं मशीन म्हणजे काही टेबलावरचा डबा नव्हे. मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर, खरं तर एक भलीमोठी फाइल. रोज संध्याकाळी सहाला तिची कॉपी निघते. सगळी नाही, कालपासून जेवढं बदललं तेवढंच. वेळ वाचतो.

गरज पडली तर ती कॉपी उठते का, म्हणजे मशीनसारखी चालू होते का, हे अधूनमधून चालवून बघायचं असतं. साहेबांनी तेच बंद पाडलं. "हिरवी टिक येते ना रोज? मग कशाला नसता खटाटोप?" अहो, टिक म्हणजे कॉपी निघाली, एवढंच! पण ऐकतो कोण? तेव्हापासून त्यांचं नावच मी हिरवी टिक ठेवलंय.

त्या दिवशी सकाळी नऊला मशीन आडवं झालं. साडेअकराला माझ्या सख्ख्या भावाचं ऑपरेशन, आणि दादाचे सगळे रिपोर्ट त्यातच. हिरवी टिक धापा टाकत आले.

"करा ना काहीतरी, लवकर!"

"आता लवकर? दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते तेव्हा कुठे होतात?"

माझं डोकं नुसतं भणभणत होतं. सगळी फाइल परत आणायला चार तास लागले असते, म्हणून कॉपीवरूनच मशीन थेट चालू केलं. सहा मिनिटांत उठलं. मी आधी दादाची फाइल उघडली.

कॉपी काल संध्याकाळी सहाची. शेवटच्या दोन ओळी आजच्या.

'११.४० भुलीचं इंजेक्शन, रक्तदाब एकदम खाली. १२.१० मृत घोषित.'

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. इतर पेशंट बघितले. सगळ्यांच्याच आजच्या नोंदी होत्या, थेट संध्याकाळी सहापर्यंतच्या.

"तारखेचा घोळ असेल हो," हिरवी टिक म्हणाले.

"घोळ? माझा भाऊ आहे तो!"

आजची ओळ न् ओळ मी पुसली, मशीन वॉर्डांच्या हवाली केलं आणि ऑपरेशन थिएटरकडे पळाले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना दारातच अडवलं.

"शांत व्हा आधी."

"नाही होणार! ते इंजेक्शन द्यायचं नाही म्हणजे नाही!"

त्या वैतागल्या, पण औषध बदललं. साडेबाराला दादा बाहेर आला. डोळे उघडून म्हणाला, "एवढी का तणतणतेयस?" मी तिथेच ढसाढसा रडले.

दिवसभर सगळे वॉर्ड नोंदी लिहीत होते. संध्याकाळी सहाला कॉपी निघाली. स्क्रीनवर हिरवी टिक आली. खाली लिहिलं होतं, 'कालच्या कॉपीपासून बदल: शून्य.'

शून्य कसा असेल? शंभर माणसं दिवसभर लिहीत होती.

दादाची फाइल उघडली. मी पुसलेल्या दोन्ही ओळी जागच्या जागी होत्या.

दादाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बरं झालं तू केलास," तो म्हणाला. "किती हाका मारल्या, इथे कुणी बघतच नाही माझ्याकडे. आत्ता दोघी आल्या आणि चादर बदलून गेल्या, मी पलंगावर असताना."