तीन हंगामांचा शब्द

राजनंदिनीच्या चपलेचा अंगठा तुटला, तो नेमका साहेबांच्या केबिनबाहेर.

माजलगावजवळच्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्टच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. आता फरफटत आत जायचं की अनवाणी, अशा पेचात ती उभी होती, तेवढ्यात बाकावर बसलेल्या एका सावळ्या पोरानं हात पुढं केला.

"द्या इकडं."

त्यानं खिशातून तांब्याची तार काढली, दोन पीळ दिले आणि चपलेकडंच बघत म्हणाला, "मी फिटरच्या जागेसाठी आलोय. हेच माझं सर्टिफिकेट समजा."

तो सिरसाळ्याचा. नाव हनुमान. त्याला आधी आत बोलावलं आणि थोड्याच वेळात तो हसत बाहेर आला. काय विचारलं म्हणून राजनंदिनीनं विचारलं, तर म्हणाला, कामाचं कमी आणि लग्नाचंच जास्त. झालं नाही म्हटल्यावर तिथले संचालक म्हणाले होते, करून टाक लवकर, लग्न झालेला गडी एका जागी टिकतो.

"हनुमान नाव आणि लग्न करा म्हणाले?" तिला हसू आवरेना.

"नावावर जाऊ नका," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडं पाहिलं... जरा जास्तच वेळ.

मग तिची पाळी आली. चीफ केमिस्टनी उसाच्या रसाचं, साखरेच्या उताऱ्याचं विचारलं, ते तिनं नीट सांगितलं. पण टेबलाच्या मधोमध बसलेल्या संचालकांना त्यात गोडी नव्हती. रात्रपाळीला सोडायला कोण येणार, घरचे पाठवतील का, असं करत करत ते शेवटी तिथंच आले. लग्न कधी? आम्ही शिकवायचं आणि पोरींनी मंगळसूत्र घालून निघून जायचं, हे किती दिवस चालायचं?

राजनंदिनीची कानशिलं तापली. ह्याच टेबलावर, अर्ध्या तासापूर्वी, एका पोराला लग्न कर म्हणून सांगितलं होतं. पण घरी वडील वाट बघत होते. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर कडा गावचं स्थळ पक्कं करायचं, असं ठरलं होतं. त्या मुलाचा तिनं फोटोसुद्धा धड पाहिला नव्हता.

"तीन हंगाम लग्न करणार नाही," ती म्हणाली.

"शब्द?"

"शब्द."

तिच्या घरी बैल घ्यायचा असो की ऊसतोडीची टोळी ठरवायची, सगळं शब्दावर चाले. कागद झालाच तर नंतर. शब्द दिला की तो फिरवायचा नाही, हे ती लहानपणापासून बघत आली होती. त्यामुळं साहेबांनी सहज विचारलं असेल, उद्या विसरतील, असं तिच्या मनातही आलं नाही.

दोघांनाही नोकरी लागली.

गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, गाळप सुरू झालं. मिलमध्ये आवाज असा, की कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येऊ नये. तिथली माणसं हातानंच बोलतात. राजनंदिनी रसाचा नमुना घ्यायला जायची तेव्हा हनुमान लांबून अंगठा ओठांशी नेऊन विचारायचा, चहा झाला का? तळहात गालाला लावायचा, झोप झाली का? ती मान हलवायची, कधी मुद्दाम उलटीच हलवायची. मग तो कपाळावर हात मारायचा आणि ती बाटलीकडं बघत हसायची.

पाळ्या बदलल्या की तो दिसायचा नाही. मग तोच रस, तोच गोड आंबूस वास, तोच धूर... पण दिवस जाता जात नसे. लॅबच्या खिडकीतून ती मिलकडं बघत राही आणि तिथं दुसराच कुणी फिटर पाना घेऊन उभा दिसला की उगाच त्या बिचाऱ्याचा राग येई.

एकदा थंडीत त्यानं तिच्याकडं बघून छातीवर हात ठेवला. पुढं काहीतरी सांगायचं होतं. हात हवेत थोडा फिरला आणि खाली आला. त्याला खूण सापडली नाही. तिनं न दिसल्यासारखं केलं. पण त्या पाळीत तिनं एकच नमुना दोनदा तपासला.

चैत्रात ऊस संपला. मिल थांबली आणि सगळीकडं इतकं शांत झालं की चिमण्यांची चिवचिव ऐकू यायला लागली. नोकऱ्या हंगामी होत्या. पुढच्या हंगामाला ज्याला बोलावणं येईल त्यानं यायचं. हनुमान लॅबच्या दारात आला. आता त्याला बोलावंच लागणार होतं.

"घरी पोरी बघायलेत," तो म्हणाला. "मी... काय सांगू?"

"मला काहून विचारता?"

"दुसऱ्या कुणाला विचारू?"

राजनंदिनीनं हातातली बाटली खाली ठेवली. मग तिनं त्याला त्या शब्दाचं सांगितलं. एकच हंगाम झाला होता, दोन उरले होते. त्याची आई भिवराबाई दम्यानं थकलेली, लग्नासाठी एवढं थांबणारी नव्हती. तो म्हणाला, मी जाऊन साहेबांशी बोलतो.

"न्हाई," ती म्हणाली. "दिला मी. परत मागायचा तर मीच."

ती तशीच केबिनमध्ये गेली. संचालक चहा पीत होते. तिनं सांगितलं, त्या दिवशी तुम्ही जे विचारलं ते विचारायचं नव्हतं, आणि मी जे बोलले ते गरजेपोटी बोलले. शब्द परत घेते. माझं काम बघा आणि ठरवा. संचालकांनी बशी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाले, "बघू पुढच्या हंगामाला."

ती बाहेर आली तेव्हा हनुमान दाराशीच उभा होता.

"काय म्हणले?"

"बघू म्हणले."

"मग मी घरी काय सांगू?"

"सांगा, पोरी बघू नका. बघून झाली."

हनुमानला हसावं की रडावं कळेना. तो तसाच एसटीत बसून गेला.

मग पाऊसकाळ. राजनंदिनीच्या रानातला ऊस कमरेला लागला, तिच्या डोक्यावरून गेला. कड्याच्या स्थळाला तिनं घरी स्पष्ट नाही सांगितलं, वडील दोन दिवस जेवले नाहीत, मग जेवले. हनुमानचा रोज फोन यायचा. आईला सांगायला त्याला धीर होत नव्हता. बोलावणं आलं का, विचारायचा. ती नाही म्हणायची. मग कुणीच काही बोलायचं नाही आणि फोन कुणीच ठेवायचं नाही.

नवरात्रात त्याचं बोलावणं आलं. तिचं आलं नाही. त्या संध्याकाळी फोनवर वेगळाच, धाप लागलेला आवाज आला.

"मी हनुमानची आई. आताच सांगितलं ह्यानं, पाच महिने पोटात ठिवून." भिवराबाई खोकल्या. "एक विचारते. लगीन झाल्यावर नोकरी करणार का?"

राजनंदिनीनं डोळे मिटले. खोटं बोलून मिळवलेलं तिला आता काही नको होतं, हनुमानसुद्धा.

"करणार," ती म्हणाली. "ह्या कारखान्यात न्हाई तर दुसऱ्या. पण करणार."

पलीकडून पुन्हा खोकला ऐकू आला.

"मंग दोघांची पाळी एकच घ्या," भिवराबाई म्हणाल्या. "दोनदा डबे करायचं माझ्याच्यानं होणार न्हाई."

फोन हनुमानकडं गेला असावा. तिकडून त्याचं हसू ऐकू आलं. बाहेर उसाची पानं वाऱ्यानं सळसळत होती आणि ती फोन कानाशी तसाच घट्ट धरून बसली होती.