चार आठवड्यांचा माणूस

आमची ओळख झाली ती मी रेइनोचा कोट घालून दवाखान्याबाहेर निघाले तेव्हा. डोळ्यांत थेंब घातलेले, बाहुल्या बशीएवढ्या. खुंटीवरचे सगळे कोट मला सारखेच दिसत होते.

"बाई," मागून आवाज आला, "कोट ठेवा हवा तर... पण खिशातला वेलदोड्याचा पाव माझा आहे."

तो रेइनो लाहती, रेल्वेतून निवृत्त, उजवा डोळा. मी वर्ना, शाळेची बस चालवणारी, डावा. थंडर बे गावातल्या त्या दवाखान्यात माणसाची ओळख अशीच असते. दोघांचं दुखणं एकच: डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबलेली, पाणी झिरपून नजरेच्या मधोमध धूसर डाग. शीर काही मोकळी करत नाहीत; दर चार आठवड्यांनी डोळ्यात सुई टोचून सूज उतरवतात, आणि आमची तारीख एकच.

डोळ्यात सुई म्हटलं की लोक किंचाळतात. मी आदल्या दिवशी केस सेट करून घेऊ लागले.

"लिपस्टिक लावलीत?" सातव्या खेपेला रेइनोने विचारलं.

"दिसली?"

"लाल काहीतरी दिसतंय. छान दिसतंय."

आठव्या खेपेला मी तक्त्यावरचं हातोड्याएवढं अक्षर मुद्दाम चुकवलं. डॉक्टर पेलेतिएबाईंनी पडद्याचा फोटो समोर धरला. "सूज गेलीय, वर्ना. गेल्या महिन्यात शेवटची ओळ वाचलीत. आता कोणासाठी आंधळ्या होताय? दहा आठवड्यांनी या. बसही चालवा."

बाहेर येऊन मी म्हणाले, "दहा आठवडे."

रेइनोची शीर हट्टी, त्याचे चारच.

"अभिनंदन," तो सांत्वनाच्या सुरात म्हणाला आणि पावाचा मोठा तुकडा मला दिला. "म्हणजे... माझ्या तारखेला तुमच्या डोळ्यांत थेंब नसणार?"

"नसणार."

त्याने खिशातून एक फॉर्म काढला. सुईनंतर घरी कोण नेणार, ते त्यावर लिहायचं असतं. तिथे वाकड्यातिकड्या अक्षरांत माझं नाव होतं.

"हे कधी लिहिलंत?"

"तुम्ही शेवटची ओळ वाचलीत ना, त्याच दिवशी."

मी त्याच्यासाठी डोळा बिघडवायला निघाले होते, आणि हा महिनाभर मी बरी होण्याची वाट बघत बसला होता.

नावाखाली 'नातं' ही जागा कोरी होती.

"तेवढी ओळ मला दिसत नाही," रेइनो म्हणाला. "तू भर."

ती ओळ वरच्या ओळीएवढीच होती. खोटं बोलण्यात तोही माझ्याइतकाच कच्चा.

मी पेन मागितलं.